लय येळा चढलो, उतरलो न्हाई

परवा सकाळी दुकानात पहिल्या सौद्याला बसलो होतो. एवढ्यात एकजण सांगत आला की तासगाव रस्त्याकडच्या जुन्या धावपट्टीवर पुन्हा मोजणीवाले आलेत, तिपाई लावून, दुर्बीण लावून. हातातला बेदाणा मी तसाच घमेल्यात टाकला. समोरच्या व्यापाऱ्याला म्हणालो, "भाव तुझ्या मनाचा लाव." आयुष्यात पहिल्यांदाच असं वाक्य माझ्या तोंडून निघालं. आणि गाडी काढली.

पोचलो तर खरंच मोजणी चालू होती. मी इतका पुढे घुसलो की दुर्बिणीमागचा पोरगा ओरडला, "काका, बाजूला व्हा, रेषेत येताय!" एरवी मला बाजूला व्हायला सांगणाऱ्याची मी खैर ठेवत नाही. त्या दिवशी मात्र हसत बाजूला झालो. मग खाली नजर गेली. धावपट्टीवर खडेच खडे. सुभेदार गेल्यापासून ते वेचायला कुणी उरलं नव्हतं.

सुभेदार म्हणजे सुभेदार ज्ञानदेव मुळीक. धावपट्टीला लागून त्यांचं उसाचं रान. मूळ तासगाव तालुक्यातलेच. उमेदीची सगळी वर्षं त्यांनी पॅराशूट पलटणीत काढली. अंगाने वाळल्या शेंगेसारखे, पण चालायला लागले की मागून कुणीतरी ढकलतंय असं वाटावं. पायात कायम काळे बूट, आरशासारखे. उसाला पाणी पाजायला जाताना ते बूट बांधावर काढून ठेवायचे, टाचेला टाच जुळवून, टोकं बाहेर. शेजारच्या रानातला गडी म्हणायचा, "सुभेदार चिखलात हैत, पर बूट परेडवर हैत."

त्यांचं एक वाक्य अख्ख्या पंचक्रोशीला पाठ होतं. कुणी विचारलं, "सुभेदार, इमानात बसलायसा का कवा?" की ते छाती पुढे काढून म्हणायचे, "लय येळा चढलो. उतरलो न्हाई."

ऐकणाऱ्याला आधी कळायचं नाही. मग ते समजावून सांगायचे. पलटणीत विमानात बसायचं ते दारातून उडी मारायला. माणूस छत्रीने खाली आणि विमान रिकामं परत. सुट्टीला गावी यायचं ते रेल्वेने, मिरजेला. "म्हंजे बघ, इमान मला पोटात घिऊन भुईला टेकलंय, आसं कवा झालंच न्हाई. निम्मा परवास ऱ्हायलाय माझा."

आणि हा राहिलेला निम्मा प्रवास कुठे पुरा करायचा, तेही त्यांनी ठरवून टाकलं होतं. पेन्शनीत आल्यावर गावदेवापुढे नारळ ठेवून बोलून बसले होते, "उतरीन तर आपल्या मातीत." आमच्याकडे नवस बोलला की कुणी गोड सोडतं, कुणी वहाण सोडतं. ह्या माणसाने विमानातून उतरणं सोडलं होतं.

आमची ओळख सांगलीला विमानतळ व्हावा म्हणून निघालेल्या कृती समितीत झाली. मी कवठे महांकाळकडचा कोरडवाहू माणूस. सांगलीत आलो तो बेदाण्याच्या पेट्या उचलायला, आणि आज माझं स्वतःचं अडत दुकान आहे. मला विमानतळ हवा होता तो धंद्यासाठी. दिल्लीचा मोठा गिऱ्हाईक दुसरीकडे विमानाने सकाळी जाऊन संध्याकाळी घरी पोचतो. आमच्याकडे यायचं म्हटलं की त्याची कंबर आधी दुखायला लागते. सांगली, मिरज, कुपवाड एकमेकांत मिसळून गेली, रानाच्या जागी बंगले आले, दवाखाने आले, आणि आम्ही अजून दुसऱ्याच्या गावात जाऊन आभाळात चढतो, हा माझा संताप होता. सुभेदारांचा संताप त्याहून साधा होता. त्यांना उतरायचं होतं.

समितीच्या बैठकीत कुणी पर्याय काढला की सुभेदार तो तिथेच निकालात काढत. पुण्याचं नाव निघालं की म्हणत, "पुणं म्हंजे दुसऱ्याच्या लग्नात शेवटच्या पंगतीला बसल्यागत. वाढलं तर वाढलं." बेळगाव म्हटलं की म्हणत, "कुंदा खायाला जाऊ की. इमानाला कशाला?" कोल्हापूरवर जरा घुटमळायचे. "कोल्हापूर आपलंच हाय रं. पर आपलं हाय म्हणून शेजारणीच्या चुलीवर रोज भाकरी टाकायची व्हय?" कऱ्हाडला धावपट्टी होती, तिथे शिकाऊ वैमानिक उडायचे. त्यावर त्यांचं उत्तर एका शब्दाचं होतं. "सातारा." म्हणजे जिल्हा दुसरा, विषय संपला.

रोज पहाटे ते धावपट्टीवर जायचे. हातात जुनी पाटी. ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत खडे वेचायचे, काचा वेचायच्या, शेरडं हाकलायची. तिथे गाडी शिकायला येणाऱ्या पोरांना दम द्यायचे, "ब्रेक मारून पट्टी खरडू नका रं!" एकदा मी वैतागून विचारलं, "आवं सुभेदार, हितं कावळा उतरंना झालाय. खडं कुणासाठी येचताय?"

ते वाकलेलेच राहून म्हणाले, "शिवा, पावना कवा येणार ते ठाऊक नसलं म्हणून दार झाडायचं ऱ्हातंय का?"

मग ते वाऱ्याच्या पिशवीचं प्रकरण झालं. विमानाला वारा कुठून वाहतो ते कळावं म्हणून धावपट्टीच्या कडेला खांबावर लांबट कापडी पिशवी लावतात, लांबून दिसेल अशी भगव्या-नारिंगी रंगाची. सुभेदारांनी कळकाचा खांब रोवला आणि अशीच एक पिशवी फडकवली. काय डौलात फुगली ती! मी गाडी थांबवून बघत राहिलो. दुपारी त्यांच्या घरी गेलो तर त्यांच्या बायको, हौसाक्का, ट्रंक उपसून बसलेल्या.

"तुमी तरी बघितलंसा का?" मला म्हणाल्या. "माझ्या भावानं दिवाळीला घातल्यालं नारिंगी लुगडं. एकदाच न्येसले हुते."

मी सुभेदारांकडे बघितलं. ते आढ्याकडे बघत होते.

संध्याकाळी हौसाक्का धावपट्टीवर गेल्या, खांबाखाली उभ्या राहिल्या आणि वर बघून म्हणाल्या, "काठ तरी सोडायचा हुता. काठाला लय पैका पडला आसंल माझ्या भावाचा." सुभेदार म्हणाले, "काठाबिगर वारा धरत न्हाई." पुढे कितीतरी दिवस त्या नवऱ्याला जेवायला वाढताना आधी वाऱ्याची दिशा विचारायच्या. "आज कुठनं वाहतंय माझं लुगडं?"

त्यांची आणखी एक खोड सांगायलाच हवी. पॅराशूट पलटणीत उडी मारण्याआधी मागचा जवान पुढच्याच्या छत्रीचे पट्टे ओढून बघतो, सगळं ठीक असलं की पाठीवर थाप मारतो. ती सवय सुभेदारांच्या हाताला कायमची चिकटली होती. कुणीही कुठे निघालं, कॉलेजला, बाजाराला, बोहल्यावर, की त्याचे खांदे दोन्ही बाजूंनी ओढायचे आणि पाठीत सणसणीत थाप मारून म्हणायचे, "जा!" एका नवरदेवाचा फेटा ह्या थापेने नाकावर आला होता. पण त्यांची थाप घेतल्याशिवाय गावातलं पोरगं भरतीला जात नसे. थाप बसली की काम होतं, असा समज होता. मी कशावर सहज विश्वास ठेवणारा नाही, पण मोठ्या सौद्याला निघताना त्यांच्या दारावरून जायचो, एवढं खरं.

आता माझी तक्रार सांगतो. ती मी कुणाहीसमोर सांगतो, लपवत नाही.

एक अधिकारी सांगलीला आले होते. आमच्या समितीबरोबर बैठक झाली. नकाशावर हात फिरवून साहेब म्हणाले, "तुम्हाला पुणे आहे, कोल्हापूर आहे, बेळगाव आहे. सांगलीला वेगळा विमानतळ हवाच कशाला?" मी टेबलावर मूठ आपटली. म्हणालो, "साहेब, तुमच्या गल्लीत तीन हॉटेलं हैत म्हणून तुमच्या घरात चूल पेटत न्हाई का?" मुद्दा बरोबर होता. फक्त मूठ जरा जोरात बसली आणि चहाचा कप नकाशावर लवंडला. सगळा सांगली जिल्हा चहात गेला.

त्यानंतर मुंबईला शिष्टमंडळ जायचं ठरलं आणि माझं नाव कापलं. कापलं कुणी? सुभेदारांनी.

"शिवा, तुझं त्वांड म्हंजे पीन काढल्याला बाँब हाय," ते म्हणाले. "मंत्रालयात फुटला तर आमी सगळं जाऊ."

"आवं, भाव मीच पाडून घेतो. घासाघीस तुमाला येती का?"

"म्हणूनच. तितं घासायचं न्हाई, मागायचंय."

आमच्या समितीतले देशमाने वकील मध्यस्थीला आले, "शिवाजीराव, मनाला लावून घेऊ नका." मी मनाला लावून घेतलंच. तरी मिरज स्टेशनवर निरोप द्यायला गेलो, साहेब लोकांसाठी उत्तम हिरव्या बेदाण्याची पेटी घेऊन. माझ्या दुकानातला सगळ्यात वरचा माल. सुभेदारांनी पेटी घेतली, वास घेतला, "वा!" म्हणाले. मग शिष्टमंडळातल्या एकेकाचे खांदे ओढले, एकेकाच्या पाठीत थाप. वकिलांचा चष्मा उडाला. मी रांगेच्या शेवटी उभा होतो. माझ्यापाशी आले, थांबले, आणि गाडीत चढले. बेदाणा नेला, मला ठेवलं.

शिष्टमंडळ उत्तर घेऊन आलं, "विषय विचाराधीन आहे." मी गेलो असतो तर हो तरी आणलं असतं नाहीतर नाही तरी. दोन्हीपैकी काहीही विचाराधीनपेक्षा बरं. हे मी तेव्हा बोललो आणि आजही बोलतो. त्यानंतर मी कुठेही निघालो तरी सुभेदारांच्या दारावरून जाणं बंद केलं. वाट वाकडी करून जायचो. त्यांनीही हाक मारली नाही.

अबोला मोडला तो हौसाक्कांमुळे. त्यांची लेक बेंगळुरूला असते. तिच्या बाळंतपणाला हौसाक्का कोल्हापूरहून विमानाने निघाल्या आणि गाडी माझी मागवली. गाडीत पुढे मी, मागे नवरा-बायको. सुभेदार माझ्याशी बोलेनात, मी त्यांच्याशी बोलेना. हौसाक्का दोघांशी बोलत होत्या.

विमानतळाच्या दारात सुभेदारांनी बायकोच्या पदरावरून खांदे ओढले आणि पाठीत थाप मारली, "जा!" दारावरचा बंदूकवाला दचकून पुढे आला. हौसाक्का त्याला म्हणाल्या, "मारत न्हाईत बाबा. पाठवत्यात."

महिन्याने त्या परत आल्या, तेव्हा मीही आणायला होतो. गाडीत बसल्याबसल्या सुभेदारांनी विचारलं, "उतारताना कसं वाटतं गं?" असा प्रश्न त्यांनी कुणाला विचारलेला मी पहिल्यांदाच ऐकला. हौसाक्का ऐटीत टेकून बसल्या.

"आदी कानात दडं बसत्यात. मग पोटात गोळा. मग खालची घरं मोठी मोठी व्हत्यात. मग धप्पदिशी टेकतं, आन आपुन म्होरं ढकलल्यागत व्हतंय. तवा म्होरची शीट धरायची."

सुभेदार रंगरुटासारखे ऐकत होते. "म्होरची शीट धरायची," त्यांनी मनाशी घोकलं. मी आरशातून बघितलं आणि हसू आवरलं नाही. तेही हसले. "हसतोयस काय, बाँबगोळ्या?" म्हणाले. झालं, बोलणं सुरू झालं. थापेचा विषय मात्र त्यांनी काढला नाही आणि मीही नाही.

पुढच्या वर्षी त्यांच्या छातीत कळ आली. मिरजेच्या डॉक्टरांनी जपायला सांगितलं. खडे वेचणं बंद. दारात खुर्ची टाकून ते धावपट्टीकडे बघत बसायचे. लुगड्याची पिशवी उन्हाने विटून पांढरी पडली होती. एक दिवस हौसाक्का माझ्या दुकानात आल्या. पेट्यांच्या थप्पीला टेकून म्हणाल्या, "तुमी सगळ्या जगाचा सौदा करताय. आता ह्यांचा आन देवाचा करा. उतरायचं ऱ्हायलं तर ह्यांचा जीव जायाचा न्हाई धड."

असं काम मला कुणी कधी दिलं नव्हतं. मी त्याच संध्याकाळी गेलो. कऱ्हाडच्या वैमानिक-शाळेची छोटी विमानं एका रविवारी हौशी लोकांना एक फेरी मारून आणणार होती, ही बातमी माझ्या खिशात होती. पण आधी माणूस पटायला हवा.

"सुभेदार, देवाफुडं काय बोललासा? शब्द न् शब्द सांगा."

"उतरीन तर आपल्या मातीत."

"'ह्या पट्टीवर' म्हणालासा का?"

"न्हाई. आपल्या मातीत, एवडंच."

"पट्टी मागनं तुमीच जोडली. बरं. तुमचा जलम झाला तवा तासगाव कुठल्या जिल्ह्यात हुतं?"

त्यांनी माझ्याकडे असं बघितलं, जसं सौद्यात चूक पकडल्यावर समोरचा बघतो. सांगली जिल्हा नंतर झाला, हे आमच्याकडे जुन्या माणसांना सांगावं लागत नाही.

"साताऱ्यात," ते हळूच म्हणाले.

"आन कऱ्हाड?"

"साताऱ्यात."

"मग माती कुणाची?"

सुभेदार मिशी चावत म्हणाले, "देव म्हणंल, लय हुशारी केली."

"देवाशी मी बोलतो. देव काय दिल्लीचा व्यापारी हाय व्हय?"

"एक अट," त्यांनी बोट उगारलं. "ही सूट हाय, सोडचिठ्ठी न्हाई. ह्या पट्टीचा नाद तू सोडायचा न्हाईस."

"न्हाई सोडत."

हौसाक्कांनी आतून गूळ आणून दोघांच्या हातावर ठेवला. माझ्या आयुष्यातला सगळ्यात अवघड सौदा पटला होता. गाडी चालवत घरी येताना मी मोठ्याने गात होतो.

डॉक्टरांनी एका छोट्या फेरीला हो म्हटलं. रविवारी आम्ही कऱ्हाडला पोचलो. सुभेदारांचे बूट तर असे चमकत होते की त्यात विमान दिसावं. तिथली नारिंगी पिशवी वाऱ्यावर फुगलेली बघून हौसाक्का म्हणाल्या, "हे कुणाचं लुगडं?" वैमानिक म्हणजे लोणंदची एक पोरगी, डोळ्यांना काळा चष्मा, बोलायला खणखणीत.

"आजोबांबरोबर एकच जण," ती म्हणाली.

"जागा तर तीन दिसत्यात," मी म्हणालो.

"जागा आहेत काका. ह्या उन्हात वजन बसत नाही." आणि तिने माझ्या पोटाकडे बघितलं.

मी घासाघीस केली. पाणी कमी न्या म्हणालो, तेल कमी भरा म्हणालो, बूट काढून बसतो म्हणालो. जन्मभर काटा माझ्या हातात होता, त्या दिवशी तो माझ्यावर उलटला. पोरगी तसूभर हलली नाही. असा भक्कम भाव धरणारं माणूस मी बाजारात क्वचित बघितलंय. शेवटी मी सुभेदारांकडे वळलो. सौदा मी जुळवला, डॉक्टर मी पटवला, देव मी पटवला. दुसरी जागा माझी, यात मला शंकाच नव्हती.

सुभेदार म्हणाले, "हौसा, चल. तुला उतारायचं ठाव हाय."

माझं डोकं सणकलं. आधी शिष्टमंडळ, आता विमान! काहीतरी जहाल बोलायला मी तोंड उघडलं, तेवढ्यात सुभेदार विमानाच्या दाराशी जाऊन थांबले. पायरीवर पाय ठेवला, आणि चढेनात. मला वाटलं छातीत कळ आली. मी धावत गेलो. त्यांनी माझ्याकडे एकदा बघितलं आणि पाठ फिरवली.

पाठ फिरवून तसेच उभे राहिले. खांदे ताठ, हात बाजूला.

मग मला कळलं. मी दोन्ही हातांनी त्यांचे खांदे ओढले. सदऱ्याखाली नुसती हाडं होती. आणि थाप मारली. रागात होतो, जरा जोरातच बसली.

"जा!" मी म्हणालो.

ते चढले. विमान गुरगुरत निघालं, पळालं, आणि भुईपासून सुटलं. एवढंसं ते पाखरू कृष्णा-कोयनेच्या संगमावरून वळलं, उन्हात लखलखलं, डोंगराच्या बाजूला बारीक ठिपका झालं. मी हातातली टोपी फिरवत ओरडत होतो. कुणी ऐकत नव्हतं, तरी ओरडत होतो. मग ठिपका मोठा व्हायला लागला. खाली, आणखी खाली. मी विमानात नव्हतो, तरी मी समोरचं कुंपण घट्ट धरलं. चाकं टेकली, जरा उसळली, पुन्हा टेकली. पाती थांबली.

हौसाक्का आधी उतरल्या. सुभेदार आतच. मी पळत दाराशी गेलो.

"आवं, उतरा की!" हौसाक्का म्हणत होत्या.

"थांब गं," आतून आवाज आला. "एकदाच उतरायचंय. घाई कशाला?"

मग एक बूट दिसला. तो सावकाश खाली आला आणि टेकला. दुसरा आला. परेडला ठोकतात तसा त्यांनी पाय ठोकला. डोळे पुसले नाहीत, वाहू दिले. वैमानिक पोरीला सलाम केला. मी पुढे झालो, काहीतरी बोलतील म्हणून. पण त्यांची नजर खाली गेली होती. ते वाकले, धावपट्टीवरचा एक खडा उचलला आणि कडेच्या गवतात भिरकावला. मग माझ्याकडे बघून खेकसले, "बघत काय ऱ्हायलास? तुझ्या पायाशी बघ, दुसरा हाय."

मी खडा उचलायला वाकलो. तेवढ्यात माझ्या पाठीत सणसणीत थाप बसली.